धनुषचे होकायंत्र आणि माझे भाषण

तीर्थस्वरूप अक्कास,

म्हैसूरहून तुझ्या धाकट्या संताचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? सांगलीचे वैद्य अजून तेलच चोळतात, की आता काही औषधही देतात? इकडे सर्व क्षेम, माझी पाठ सोडून. तिची हकीकत सांगतो.

आपल्या सुप्रीताने लग्नासाठी निवडलेला धनुष तुला ऐकून ठाऊक आहे. हूटगळ्ळीत तो शिडाच्या होड्यांसाठी इलेक्ट्रॉनिक होकायंत्रे बनवतो. (हूटगळ्ळीत समुद्र नाही. मी स्वतः जाऊन पाहून आलो.) विठ्ठलमंदिराच्या सभेत मी गरजलो, की आंग्र्यांचे आरमार काय बॅटरीवर चालत होते? ज्याला उत्तर दिशा शोधायला बॅटरी लागते, त्याला माझी मुलगी मिळणार नाही! टाळ्या कडाडल्या. घरी सुप्रीता माझ्याशी बोलेनाशी झाली.

शेवटी धनुषच आला. "मामा, एकदा होडीत बसून बघा की. आमेले काय बोलायचं ते बोला." (आमेले म्हणजे नंतर. हे त्याचे मराठी.) मग एच. डी. कोट्याजवळ कबिनीच्या जलाशयात त्याच्या मित्राची होडी काढली. धनुष सुकाणूवर, सुप्रीता शिडाच्या दोरीशी, मी मध्ये उभा. (बसून मला विचार सुचत नाहीत.) लाइफ जॅकेट त्याने सक्तीने चढवले; मी त्यावर शाल घेतली. यंत्राशिवाय पलीकडचा काठ गाठून दाखवतो, असे मी बजावले. तो नम्रपणे म्हणाला, "बरं मामा, तुम्ही सांगाल तिकडं वळवतो."

वारा भरला आणि मला भाषण सुचले. "माणसाला यंत्र नको, बळ हवं!" होडी वळली. "मनाचं बळ!" आणखी वळली. "पूर्वजांचं बळ!" यंत्रावरचे आकडे भराभरा पळू लागले. "बघ, तुझं यंत्र भोवंडलं!" असे मी ओरडतो आहे, तोच शिडाचा आडवा दांडा गर्रकन फिरला, पाठीत बसला आणि मी शालीसकट पाण्यात.

"तुम्हीच बल, बल म्हणालात की हो!" वर काढल्यावर तो रडकुंडीला येऊन म्हणाला. (कन्नडात बल म्हणजे उजवीकडे. त्याच्या मराठीत बळ हा शब्दच उरलेला नाही. यावर मी स्वतंत्र व्याख्यान देणार आहे.)

"अप्पा, यंत्र बरोबरच होतं," सुप्रीता हसू दाबत म्हणाली. "आपणच गोल फिरत होतो."

एक मात्र लिहायला हवे. मी पडताच त्याने कपड्यांनिशी उडी मारली. मला शोधायला त्याला बॅटरी लागली नाही.

तरीही माझे मत ठाम आहे. भर सभेत दिलेला शब्द मागे घेणारा मी नव्हे.

तुझा,
संताजी

ता. क. म्हणून येत्या रविवारी सकाळी फोन कर आणि मला चांगला झाप. थोरल्या बहिणीपुढे माघार घेतली तर कोणी हसत नाही. मंदिरातली मंडळी चहाला बोलावली आहेत. फोन स्पीकरवर ठेवीन. तुझ्या भावजयीने, नागरत्नाने, साखरपुड्याचा आचारी आधीच ठरवला आहे, मला न विचारता.

आणखी एक. सुरुवातीला मी बाणेदारपणे नाही म्हणेन, ते मनावर घेऊ नकोस. पण बोलण्याच्या भरात खरोखरच नाही म्हणत सुटलो, तर फोन ठेवू नकोस. ओरड.