क्लच सोडायचाय, फेरी नाही

५ मे
फेरी माझ्याकडेच राहतेय. सकाळी नऊ-दहाला संपादकांनी स्वतः फोन करून दुजोरा दिला. अट एकच: ३१ तारखेच्या आत बिनक्लचची गाडी ठरल्याचं कळवायचं. नाहीतर जूनपासून डेस्क.
डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात डाव्या गुडघ्याचा एक्स-रे खिडकीकडे धरून सांगितलंच होतं, "क्लच सोडा, नाहीतर गाडी सोडा." एकोणीस वर्षं झाली, जळगाव-चोपडा, जळगाव-धुळे, गावोगाव शेतीच्या बातम्या. आता डेस्कवर बसून दुसऱ्याच्या बातमीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारत... नको.
सुमनला सांगितलं. बायको म्हणून आनंद झालाच, पण फिजिक्सची शिक्षिका आधी. "अहो, पेढे नंतर. आधी कुठली गाडी ते ठरवा."

६ मे
शोरूमवाला विचारतो, रोज किती किलोमीटर? प्रश्नच चुकीचा. किती वेळा थांबता, हे विचारायला हवं. आज चोपड्याच्या फेरीत वहीत रेघा मारल्या. एकतीस थांबे. केळीची कापणी दिसली, थांब. वजनकाट्यावर थांब. भाव विचारायला बांधावर थांब. आणि बातमी गाडीतच टाइप होते, एसी लावून. या उन्हात दुसरा उपाय नाही. डिझेल उभ्या उभ्या जळतं.
दोनच नावं उरली. ह म्हणजे हायब्रिड: पेट्रोल टाकायचं, बॅटरी ती आपली आपण भरते. ई म्हणजे नुसती बॅटरी, घरी प्लग लावायचा. वहीत आजपासून ह आणि ई.
पन्नाशी उलटली तरी गाडीच्या माहितीपत्रकाला दहावीच्या पोरासारखा चिकटलोय.

११ मे
ई मिळाली, अर्ध्या दिवसासाठी. पारोळ्याच्या पुढे आबांच्या शेतापर्यंत जाऊन आलो. आबा कापूसवाले, मला बातम्या पुरवणाऱ्यांत सगळ्यात जुने. पाऊस, बियाणं, वीज, काहीही विचारा.
काय गाडी आहे! पाय टेकवला की निघाली. आवाज म्हणून नाही. एरंडोलच्या चौकात म्हैस शेजारी उभी, तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.
आबा मात्र रुसले. खाटेवर पाठ करून बसले होते, मी अगदी मागे जाऊन उभा राहिलो तेव्हा दचकले. "तुमनी गाडी कव्हय उनी, समजनंच नई! तुमना गाडीना आवाज आईकीसन आमी चहा मांडतस. आज चहा राही गया."
खरंच की. माझं डिझेल फाट्यावर वळलं की त्यांच्या चुलीवर आधण. एकोणीस वर्षं मला वाटायचं, यांच्याकडे चहा कायम तयारच असतो.
मग शेजारपाजारचे जमले. आबांनी दार उघडून सगळ्यांना आत घातलं. "बठ्ठा बसा, गार शे!" गाडी उभी, आत सहा जण, एसी चालू, पाऊण तास.
निघालो तेव्हा नव्वद टक्के, परतलो तेव्हा बावन्न. धुळं म्हणजे याच्या जवळजवळ दुप्पट. मग उरणार किती? मन थोडं उतरलं.

१४ मे
गुरुवार, धुळ्याची फेरी. तिथल्या शोरूमची ह दोन तास फिरवली. गावात, बाजार समितीत, एसटी स्टँडसमोर. सिग्नलला इंजिन आपोआप गप्प होतं, निघताना बॅटरीवरच सरकते. छान. पण पडद्यावरचं ॲव्हरेज पाहून विक्रेताच कपाळाला आठ्या घालून बसला. "साहेब, इतकं कमी कधी येत नाही."
मी म्हटलं, आमच्या नशिबात येतं.

१५ मे
छडा लागला! सुमनने लावला.
जेवताना दोन्ही गाड्यांचं रडगाणं गात होतो. तिने विचारलं, "उतारावर काय करता?"
"काय म्हणजे? न्यूट्रल."
"आणि पुढे थांबा दिसला की?"
"लांबूनच न्यूट्रल. गाडी आपोआप घरंगळत जाऊन थांबते. तेवढंच डिझेल वाचतं." आमच्याकडचा प्रत्येक ड्रायव्हर हेच करतो. मला माझ्या काकांनी शिकवलं, त्यांना ट्रकवाल्यांनी.
सुमनने चमचा खाली ठेवला. "अहो, या गाड्या वेग कमी होतानाच बॅटरी भरून घेतात. चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज करते. तुम्ही न्यूट्रल टाकून ती वाटच बंद केलीत. एकतीस थांबे, एकतीस वेळा. आणि म्हणे बातमी तपासून देता!"
मी हसतच सुटलो. म्हणजे माझे थांबे हा तोटा नाहीच! जितका थांबेन तितकं थोडंथोडं परत. जन्मभराची काटकसर हीच गळती निघाली.
दोन्ही चाचण्या रद्द. पुन्हा करायच्या.

१८ मे
ई पुन्हा, तोच रस्ता, तेच थांबे, एसी तसाच. आबांकडे पाऊण तास बसलोही. गिअर डी मध्ये. हात सवयीने न्यूट्रलकडे जायचा, म्हणून डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. नव्वदवरून सत्तावन्न. पाच टक्के नुसत्या सवयीचे होते!
ई. ई. ई. सुमनला फोन केला, ती तासावर होती, तरी केला.

२० मे
काल संध्याकाळी चोपड्याकडे वादळ. रात्रीपासून आमच्याही भागात वीज नाही, आली ती आज दुपारी एकला.
पहाटे जुनं डिझेल काढलं आणि गेलो. केळीच्या बागा आडव्या, घडासकट. एका बाईंनी नुसता हात फिरवून दाखवला. पंचवीस थांबे, प्रत्येक थांब्याला क्लच. बातमी वेळेत गेली, पहिल्या पानावर लागेल. उतरताना गुडघा वळेना. सुमनने बर्फ लावला.
मनात एकच. काल रात्री दारात ई दहा टक्क्यांवर उभी असती तर? नेमकं जायलाच हवं त्या दिवशी मी घरी. ह असती तर पेट्रोल टाकून गेलो असतो.
आबांचा फोन, मी बरा आहे ना विचारायला. ई ची अडचण सांगितली तर म्हणाले, "आमना हिरीना मोटरले पाळीनी लाईट शे, आते गाडीले बी पाळी लावा!"

२२ मे
धुळ्याला मुद्दाम जाऊन ह पुन्हा. डी मध्ये. ॲव्हरेज एकदम सुधारलं, विक्रेत्याच्या आठ्या गेल्या. आबांपर्यंत नेली. झाडाखाली टाइप करत होतो तर बॅटरी भरायला इंजिन आपणहून सुरू. मी दचकलो, आबा खूश. "हाई बरी. मधमा खोकस तरी."
आबांचं मत ह. सुमनचं ई: "वादळ वर्षातून दोनदा. वादळाचा इशारा येतो, त्या संध्याकाळी भरून ठेवा. थांबे रोजचे आहेत." दोघंही बरोबर आहेत, हीच तर मजा.

२७ मे
संपादक: "अजून चार दिवस."
मी: "माहीत आहे. आजवर डेडलाइन चुकलीय?"
धुळ्याचा विक्रेता ह उद्या संध्याकाळी सहापर्यंत माझ्यासाठी धरून ठेवणार, मग दुसऱ्याला देणार. जळगावच्या शोरूमने ई उद्या दिवसभर द्यायचं कबूल केलंय. गुरुवारच. धुळ्याची पूर्ण फेरी होईल.

२८ मे, सकाळी ७.०५
ई दारात. पडद्यावर अठ्ठ्याण्णव.
सुमनशी ठरलं: सगळे थांबे, एसी, टायपिंग, काही वाचवायचं नाही. वादळाच्या रात्री एसी न लावता चोपड्याला जाऊन येण्यापुरते तीस टक्के उरले पाहिजेत. साडेपाचला घरी तीसच्या वर असेल तर ई. खाली गेली तर सहाच्या आत धुळ्याला फोन, ह. काहीही झालं तरी आजच संपादकांना कळवणार.
आबांना सांगितलं, आज आवाज येणार नाही. म्हणाले, "मंग फाटावरथीन फोन करा. मी चहा मांडस, तुमी टक्का मोजा."
सीटवर बसून लिहितोय. डावा पाय पाहुण्यासारखा नुसता बसून आहे. निघतो.