पुढची डावी सीट

प्रिय सायली,

लखनच्या हाती चिठ्ठी आली म्हणून घाबरू नको, अन् अर्धी वाचून फेकूबी नको. तुझा नंबर तुझ्या अण्णांनी माझ्या फोनातून कवाच काढून टाकलता. लखन भाजीचा टेम्पो घेऊन संभाजीनगरला येतो, त्यानंच तुझं घर शोधून ठेवलंय. मला एकच विचारायचंय, घरी येतीस का? कावून, कशापायी, ते शेवटी लिहिते. आधी लिहिलं तर पुढचं माझ्यानं लिहवणार न्हाई.

आपली गाडी लिंबाखाली उभी हाय. तुला ठावं हाय, ही गाडी कधी निवांत उभी राहिलीच न्हाई. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी उसाचं बेणं न्हाईतर फवारणीचा पंप, अन् मधीच कुणाची तरी अडलेली बाई दवाखान्यात न्यायची. नारायणगडला दर्शनाला निघालं की गल्लीतल्या साऱ्या बाया एकमेकींच्या मांडीवर. मी चिडायची, म्हणायची, ही घरची गाडी हाय का गावची यष्टी? तर हे नुसते हसायचे. पावसाळ्यात काळ्या रानात ट्रॅक्टर फसायचा, पण ह्यांची गाडी चिखल उडवीत बांधापर्यंत जायची. मग तो चिखल धुवायला मी होतेच!

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर त्यांनी तुला गाडी शिकवली. तुझे बबनराव काका म्हणले, पोरीच्या जातीला स्टेअरिंग कशाला? हे म्हणले, मपली पोरगी, मपली गाडी, तुमच्या पोटात कावून दुखतंय? तू चालवायला बसलीस की हे डावीकडं बसायचे अन् पट्टा लावायचं मुद्दाम विसरायचे. अण्णा, पट्टा लावल्याबिगर गाडी हलणार न्हाई, म्हणून तू हाताची घडी घालून बसायचीस. अख्ख्या माजलगाव तालुक्यात ह्या माणसाला दम देणारी तू एकलीच. हे स्वतः चालवायला बसले की मग ती डावी सीट तुझी. मी घरची मालकीण असून कायम मागं, दुधाच्या कॅनशेजारी.

मग तू भागवतशी लग्न केलंस. पोरगा चांगला हाय, मला तवाबी वाटलं होतं. पण मेंढरं वळणाऱ्याच्या घरात पोरगी गेली, आता भावकी काय म्हणंल, ह्यातच हे अडकून बसले. तिचं नाव घरात काढायचं न्हाई म्हणले. म्हणले खरं, पण दुसऱ्या दिवशी त्या डाव्या सीटवर सरकी पेंडीचं पोतं येऊन बसलं. मला वाटलं, उतरवायचं विसरले असतील. पण ती पेंड संपली की दुसरं पोतं हजर. सीटवर वजन असलं अन् पट्टा लावला न्हाई, की गाडी कशी पीं-पीं करती. तर ह्यांनी पोत्यालाच पट्टा लावला, बाई! गाव लई हसलं. भाकरी थापता थापता मीबी हसले. एकदा मतं मागायला आलेले एक पुढारी ऐटीत पुढचं दार उघडायला लागले, तर हे म्हणले, मागं बसा साहेब, पुढं माणूस हाय. पुढारी पोत्याकडं बघतच राहिले. ते पोतं कुणाची जागा धरून बसलंय, ते मला त्या दिवशी कळलं. तिला एक फोन लावा म्हणून मी किती भांडले. तर हे उठून पोत्याचा पट्टा नीट करायला जायचे.

आता लिहिते. तुझे अण्णा गेले, सायली. सोमवारी गोठ्यातच छातीला हात लावून खाली बसले. ज्या गाडीनं सारं गाव दवाखान्यात पोचवलं, तिच्यातच ह्यांना घातलं. लखन चालवायला बसला. घाईत मी पोतं खाली ओढलं अन् पुढं बसायला गेले, तर ह्यांनी मागून हात हलवला. म्हणले, तिथं न्हाई, ती सायलीची हाय. इतक्या वर्षांनी तुझं नाव घेतलं, अन् तेवढंच बोलले. बीड यायच्या आत माझ्या मांडीवर गेले. काकांनी तुला कळवू दिलं न्हाई, त्या माणसांच्या गर्दीत माझं कुणी ऐकलं न्हाई. अस्थींचं गाठोडं लिंबाला टांगलंय, खाली गाडी हाय. राक्षसभुवनला गोदावरीत, आपल्या गंगेत, सोडायला काका घाई करतेत. पण किल्ली माझ्या कमरेच्या पिशवीत हाय, अन् ती मी कुणालाच देणार न्हाई. भावकीला काय म्हणायचं ते म्हणू दे. भागवतला घेऊन ये. गाडी तूच चालवायचीस. मी आपली नेहमीसारखी मागं बसते. ह्यांना डाव्या सीटवर ठेवू, अन् पट्टा तूच लाव. दुसऱ्या कुणाचं ते ऐकायचे न्हाईत.

लिंबाखाली बसलेली,
तुझीच
आई