डावी दाढ, उजवी दाढ

सर, काल तुमच्या घरी जेवले. तुमच्या बेगमनी, आमच्या खालांनी, नानखलिया केला होता, आणि तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांनी त्यातलं मटण चावून खाल्लं. खालच्या दोन्हीकडच्या दाढा गेल्यामुळे इतकी वर्षं नुसती नान रश्श्यात भिजवून गिळत होत्या. हाडात स्क्रू बसवून त्या दाढा मी लावल्या. एका बाजूला तुमचं ऐकलं नाही, म्हणून हे लिहितेय.

हिरडी उघडा, हाड डोळ्यांनी बघा, मगच ड्रिल. हा तुमचा नियम. कॉलेजात अक्कलदाढ काढताना मी घाईत छेद अपुरा घेतला, तेव्हा सगळ्यांसमोर माझ्या हातातून ड्रिलचा हँडपीस काढून घेतलात. रडले नाही, पण जेवलेही नाही. संध्याकाळी तुम्ही घरी बोलावलंत. स्वयंपाकघरात ओट्याशी मी उभी आहे, तुम्ही हंडीतलं हाड धुऊन माझ्या हातात देता. "डोळे मीट बेटा. चिमटीत धर. कुठं पातळ आहे, सांग." खाला ओरडतात, "तुमच्या कॉलेजात हाडं नाय का? माझ्या हंडीतली कशाला नेता?"

आता स्कॅनवरून कॉम्प्युटर जागा ठरवतो. शेजारच्या दातांवर बसणारा साचा छापून येतो आणि त्याच्या भोकातूनच ड्रिल जातं. कापाकापी नाही, टाके नाहीत. खालांचं वय पाहता मला तेच हवं होतं. डावी दाढ तशीच बसली, वीस मिनिटांत. उजवीकडचा साचा मात्र डुगडुगायला लागला.

"खाला, स्कॅननंतर काय खाल्लंत?"

"कुठं काय! भाचीच्या लग्नात चोखायला मटणाची एक नळी फोडली. दाताचा टवका उडाला जरासा."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू रागावतेस लई. तुझे सर बरे होते."

तसंच ड्रिल केलं असतं तर खालची नस दुखावली असती, ओठ कायमचा बधिर झाला असता. माझ्याकडे शिकणाऱ्या दोघी मुली बघत होत्या. मी साचा ट्रेमध्ये टाकला आणि ब्लेड मागितलं. हिरडी उघडली, हाड पाहिलं, मगच ड्रिल. डावा गाल दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा होता. उजवा चार दिवस सुजला आणि खाला फोनवर म्हणत राहिल्या, "डावी दाढ तुझी, उजवी तुझ्या सरांची. तेही असेच फुगून बसायचे." काही महिन्यांनी स्क्रूंवर दात चढवले. दोन्हीकडे हाडानं स्क्रू सारखाच घट्ट धरलेला. कोणती पद्धत चांगली, असं मुलींनी विचारलं. तोंड बघून ठरवा, असं सांगून मी त्यांना कामाला लावलं.

काल खालांनी नळी उचलली तेव्हा मी डोळे वटारले. त्यांनी ती मुकाट्यानं माझ्या ताटात टाकली आणि इतक्या हसल्या की दोन्ही दाढा दिसल्या.

एक राहिलं. डावी दाढ निव्वळ साच्याच्या भरवशावर बसवली, असं मी मुलींना ठणकावून सांगितलंय. ते खरं नाही, सर. साचा बसवण्याआधी मी त्यांना ग्लोव्हज आणायला पाठवलं होतं, आणि खालांच्या जबड्याचं हाड चिमटीत धरून डोळे मिटले होते.