दोनशे बारा पायांची मापं

मंगळवार, २ जून

गेलं! सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना, डिस्कवरचं विंडोज आणि मापं दोन्ही खराब झालेली. मी मात्र निवांत. दर शनिवारी अख्ख्या कॉम्प्युटरची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढून ठेवते ना! विंडोज, मापांचा प्रोग्राम, सगळी मापं — एकाच मोठ्या फायलीत, त्याच डिस्कच्या दुसऱ्या कप्प्यात, म्हणजे पार्टिशनवर. ती परत ओतली की झालं. सरांना म्हटलंसुद्धा, "तासाभराचं काम."

दुसरं पार्टिशनच नाही! तिथे नुसती रिकामी जागा.

दोनशे बारा माणसांची मापं. पाय कापल्यावर उरतो त्या भागाची. त्यावरूनच आमच्या वर्कशॉपमध्ये कृत्रिम पाय बनतात. मापं गेली तर सगळ्यांना पुन्हा बोलवा, पुन्हा ओलं प्लास्टर गुंडाळा. त्यातल्या एका पोस्टमनचं माप तर पाचव्या खेपेला जमलंय. पंधरा तारखेला कामावर हजर झाला नाही तर त्याची नोकरी जाईल.

सरांनी विचारलं, "काल मशीनवर कोण बसलं होतं?" प्लास्टरवाले काका म्हणाले, "मी. पोस्टमनचं माप बघत होतो."

माझ्या तोंडाला आवर कुठला! सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, कळत नाही तिथे बोटं कशाला घालता हो?"

ते हातावरचं वाळलेलं प्लास्टर खरवडत राहिले. "गेलं असेल बाई माझ्याच हातून. मला कुठे कळतंय त्यातलं."

बुधवार, ३ जून

त्या पार्टिशनचं स्क्रीनवर दिसणारं ‘D’ हे अक्षर मीच काढून टाकलं होतं. का, तर कुणाला दिसू नये, कुणी हात लावू नये. अतिशहाणी!

धाकट्या भावाला फोन केला. तो दिवसभर हेच काम करतो. "ताई, त्या डिस्कवर आता काहीही लिहू नकोस. काढ, दुसऱ्या मशीनला लाव आणि शोधायला बसव. पार्टिशन उडालं म्हणजे दारावरची पाटी गेली. सामान आत असतं."

मग ओरडला, "आणि कॉपी त्याच डिस्कवर? एकाच पिशवीचे दोन कप्पे ते! पिशवी हरवली की दोन्ही गेले."

बरोबर आहे त्याचं. तरी चार शब्द सुनावलेच मी.

गुरुवार, ४ जून

शोध बासष्ट टक्क्यांवर. काका आले नाहीत.

शुक्रवार, ५ जून

सापडलं!! अख्खं पार्टिशन, आत इमेज. आधी तपासायला लावली — दोन तास नुसती येरझाऱ्या घालत होते. एकही चूक नाही! दुसऱ्या मशीनवर उघडून पोस्टमनचं माप काढलं. आहे! रडूच कोसळलं, सरांसमोरच.

सर हसले. मग म्हणाले, "काकांना मी येऊ नका म्हणून कळवलंय. दर वेळी कोण निस्तरत बसणार?"

मी तिथेच बोलायला हवं होतं. सव्वीस वर्षं झाली त्यांना इथे.

घरी आल्यावर राहवेना, काकांना फोन लावला. "सापडलं? वा, वा! मग पोस्टमनचा पाय आधी घ्या बरं. आणि गुडघ्याखाली आतल्या अंगाला जरा सैल ठेवायला सांग, तिथे लागतं त्याला." स्वतःबद्दल अवाक्षर नाही.

शनिवार, ६ जून

इमेज आता बाहेरच्या डिस्कवर ठेवायची, भाऊ म्हणतो तशी. ती डिस्क कपाटातून काढून जोडली. सोमवारी सकाळी, घाईघाईत, मीच तिच्यावरचं जुनं पार्टिशन उडवून ती रिकामी केली होती.

रिकामी नाही! जुनं सगळं जागच्या जागी आहे.

कॉम्प्युटरमधली आणि ही, दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या. दोन्ही पार्टिशनं बिनअक्षराची, सारख्याच आकाराची. मग सोमवारी मी उडवलं ते कुठलं?

काका नव्हेत. मी!

सर केबिनमध्ये आहेत. आत्ताच जाते.