टेबल बदलून मिळाले

२१ नोव्हेंबर, न्यूयॉर्क

पदक गळ्यातून काढत होतो, तेवढ्यात सिग्रिडने फोटो घेतला. आज टीव्ही मालिकांच्या बक्षिसासाठी नामांकन मिळालेल्या सगळ्यांना पदके वाटली. म्हणजे परवा हरणाऱ्यांनाही. किळसवाणी पद्धत. मी शांत होतो. आयोजक बाईंना फक्त कळवले, की फीत मानेला खाजते.

सिग्रिड बाहेर आल्यावर म्हणाली, "आर्विद, समारंभ संपेपर्यंत आणखी एक तक्रार केलीस, तर पुढची मालिका मी एकटी लिहीन. बघच तू."

पंधरा वर्षे आम्ही जोडीने लिहितो. आमची बोटीवरची विनोदी मालिका नॉर्वेहून इथवर आली. संवाद तिचे. आत्मा माझा.

संकल्प: तक्रार बंद.

२२ नोव्हेंबर, दुपार

भाषण पाठ. सिग्रिडने आभाराचे एक वाक्य बोलावे, बाकी मी, असे ठरले. तिला अजून सांगितलेले नाही.

हॉटेलात ब्राझीलच्या मालिकेचा भाग पाहिला. आजी मरते, उठते, पुन्हा मरते. त्यावर लोक हसतात. टीव्ही बंद केला.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ

आमचे टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी. दार उघडले की मानेवर वाफ. ताटात करड्या रंगाचा सॅमन मासा. नॉर्वेच्या माणसापुढे.

सिग्रिड फोनवर बोलायला बाहेर गेली, तेव्हा मॅनेजरच्या कानावर घातले. ही तक्रार नव्हे, माहिती. स्टेजजवळ एका केबल कंपनीची माणसे बसली होती, पाहुणे म्हणून. ती लगेच उठली. एकजण म्हणाला, "बसा हो काका, आम्हाला दाराजवळच बरं. मधूनच सटकता येतं."

सिग्रिड परतल्यावर म्हणाली, "आपण इथं कसे?" म्हटले, त्यांनीच आग्रह केला.

नंतर, कोट ठेवतात त्या खिडकीपाशी

सगळे आधीच ठरलेले असते. गटाचा निकाल येण्याआधी कॅमेरावाले नामांकितांच्या टेबलांपाशी जाऊन गुडघ्यावर बसतात. आमच्या गटाच्या वेळी आमच्याकडे कोणीच आले नाही. एकजण थेट स्वयंपाकघराच्या दाराशी, केबलवाल्यांपुढे जाऊन बसला. ज्यांनी आयुष्यात एक प्रसंग लिहिला नाही, त्यांना बक्षीस. उघड उघड. शिसारी आली.

स्वाभिमानी माणसाने अशा वेळी टाळ्या वाजवत बसू नये. निकालाचे पाकीट उघडण्याआधीच उठलो. सिग्रिड म्हणाली, "अरे, आता कुठं?" उत्तर दिले नाही. संकल्प पाळला.

आतून टाळ्या ऐकू येताहेत. बराच वेळ. वाजवा.

२४ नोव्हेंबर, सकाळ

आम्ही जिंकलो.

कॅमेरावाल्यांकडे टेबलांचा जुना नकाशा होता. मोठ्या पडद्यावर आमच्या नावाखाली केबलवाले दिसले. त्यांच्यातल्या एकाने हात हलवला. सिग्रिड एकटी वर गेली. म्हणाली, "माझे जोडीदार बहुतेक टेबल बदलून घ्यायला गेलेत." हॉल हसला. मॅनेजरने तिला आधीच विचारले होते: साहेबांची तक्रार मिटली ना?

नाश्त्याला तिने बक्षीस टोस्टशेजारी ठेवले. पुढची मालिका ती एकटीच लिहिणार आहे. हॉटेलात उतरलेल्या एका माणसावर. त्याला काहीच पसंत पडत नाही.

कॉफी गार होती. प्यायलो.