फ्लोरा गेल्याचं कळवण्यासाठी

ती. एफीवन्संना,

डोलिनाचा साष्टांग नमस्कार. या वयात रोज सकाळी नेअर्नच्या बर्फगार समुद्रात डुंबणाऱ्या बाईला प्रकृती विचारणं म्हणजे तिचा अपमान आहे, तरी रीत म्हणून विचारते. आम्ही दोघं बरी आहोत. फ्लोरा मात्र गेली. (आमची घोडी. इस्टेटीच्या मॅनेजरच्या बायकोचंही नाव फ्लोराच आहे, म्हणून खुलासा करते, नाहीतर तुम्ही त्याला सांत्वनाचं कार्ड धाडून मोकळ्या व्हाल.)

कशी गेली ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल. तुमचे बंधू या जुन्या पाइनच्या रानात पाहुण्यांना हरणांच्या शिकारीला नेतात, त्याला आता उभा जन्म झाला. पाहुण्याला वाऱ्याच्या उलट बाजूनं पोटावर सरपटवत न्यायचं, कळपातला म्हातारा किंवा अधू नर हेरायचा, आणि आपण ‘हां’ म्हणेपर्यंत त्याला चापाला बोट लावू द्यायचं नाही. पडलेलं हरीण पाठीवर लादून आणायला मागून फ्लोरा आणि मी. सगळा खेळ नजरेचा. आणि वन्सं, त्यांची नजरच राहिलेली नाही. कडेकडेचं दिसतं, म्हणून झाडांवर आपटत नाहीत. पण जे बघायला जावं तेच नेमकं दिसत नाही. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही. खुंटीवरच्या माझ्या कोटाला ते ‘अगं, दार लाव, वारा येतोय’ म्हणाले तेव्हा मला कळलं. कोटानं ऐकलं नाही म्हणून दिवसभर माझ्यावर रुसून होते. मीही विषय काढला नाही. घर मालकांचं, नोकरी गेली की घर गेलं, ही एक गोष्ट झाली. पण खरं सांगायचं तर या माणसाला ‘तुम्हाला दिसत नाही’ असं तोंडावर म्हणायचा मला धीर झाला नाही.

मग मी फ्लोराशी बोलायला लागले. ‘काय गं फ्लोरे, ओढ्यापलीकडे कशाला मान वळवतेस? त्या माद्या आणि तो लंगडा नर, तुझं काय काम तिथे?’ म्हटलं की तुमचे बंधू थबकणार, दुर्बीण डोळ्याला लावणार आणि पाहुण्याला गंभीरपणे सांगणार, ‘ओढ्यापलीकडे. माद्या आहेत. नर लंगडा आहे.’ जिथे काटकी मोडली तरी माणसं डोळे वटारतात तिथे मी घोडीशी अखंड टकळी लावते, म्हणून पाहुण्यांत मी खुळी ठरले. बिचाऱ्या मर्डोच्या नशिबी काय बायको आली, असं एकजण माझ्यादेखत म्हणाला. तुमच्या बंधूंनी मान डोलावली. (हे मी विसरलेले नाही.)

शेवटच्या सरपटीत घोडी चालत नाही, म्हणजे मीही नाही. तिथे त्यांनी स्वतःची युक्ती काढली. ‘तुम्हीच सांगा साहेब, काय दिसतं? शिंगं कशी आहेत? पाठ वाकली आहे का? मग कोणता घ्यावा?’ पाहुण्यांना वाटलं, हा तर गुरू आहे, पाहुण्याला स्वतः विचार करायला लावतो. जन्मभर नुसतं ‘हां’ म्हणणाऱ्या माणसाची कीर्ती डोळे गेल्यावर पसरली. लंडनहून माणसं मर्डोच हवा म्हणून अडून बसायला लागली. मला हसू यायचं. रात्री उशीत तोंड खुपसून रडूही यायचं.

गुरुवारी ऑर्मिस्टनसाहेब आले. निवृत्त न्यायाधीश, बोलणं भारदस्त, पाय मात्र डुगडुगते. चिखलाच्या डबक्यात पार कंबरेपर्यंत गेले आणि वर आले ते चष्म्याविना. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आयुष्यभर साक्षीदारांना ‘तुम्ही नक्की पाहिलंत का’ विचारून घाम फोडलेला माणूस तो, ‘मला दिसत नाही’ कसं म्हणेल? त्यामुळे नेच्यांच्या आड दोघं पालथे पडून एकमेकांना हरीण वर्णन करून सांगत होते. (नंतर साहेबांनीच रडत रडत सांगितलं.) काहीतरी तपकिरी हललं. ‘शिंगं भव्य आहेत,’ साहेब म्हणाले. ‘भव्य नको साहेब, म्हातारा बघा.’ ‘तसा म्हाताराच आहे.’ ‘पाठ वाकली आहे?’ ‘वाकली आहे म्हणा ना.’ तुमचे बंधू म्हणाले, ‘हां.’

वारा फिरला होता, म्हणून मी फ्लोराला नेहमीच्या जागेवरून पुढच्या मोकळ्या जागेत नेलं होतं. तिच्या मानेवर हात टाकून जरा उभी राहिले, आणि मग झाडाआडच्या लाल बेरी दिसल्या म्हणून चार वेचायला वळले. तेवढ्यात बार झाला. मी मागे पाहिलं तर फ्लोरा गुडघ्यांवर आली होती. एकदा फुरफुरली आणि कुशीवर पडली.

दोघं आले. तुमच्या बंधूंनी नेहमीसारखी टोपी काढली, गुडघे टेकले आणि मेलेल्या जनावराच्या मानेवर हात ठेवला. प्रत्येक हरणाला ते असा हात लावतात. हात आयाळीत गेला. सकाळीच मी ती विंचरली होती. तो तसाच थांबला, मग हळूहळू पुढे जात दाव्यापर्यंत आला. ‘डोलिना, तू कुठे होतीस?’ मी म्हटलं, इथेच. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग चाचपडत आले, माझं तोंड, खांदे, हात सगळं नीट चाचपून पाहिलं, आणि ओल्या शेवाळावर मटकन बसले. मला त्यांची इतकी दया कधी आली नव्हती. स्वतःच्या जिवाचीही भीती तेव्हाच वाटली, आधी नाही.

साहेबांनी मालकांकडे जाऊन सगळा दोष अंगावर घेतला: चष्मा नव्हता, घोडी ओळखली नाही. मालक भले, त्यांनी झाकलं. तुमच्या बंधूंवर कुणाचा संशय नाही, हीच तर पंचाईत. सोमवारी शेजारच्या खोऱ्यातून नवी घोडी येते आहे आणि पाठोपाठ पाहुणे. मॅनेजर विचारायला आला तेव्हा हे ‘येतो’ म्हणाले. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागतं. पुढच्या खेपेला मी बेरी वेचायला वळलेली असेनच असं नाही.

फ्लोराला पाइनखाली पुरलं. आणखी काय लिहू? थोरांपुढे जास्त बोलले असेन तर पदरात घ्या.

तुमची,
डोलिना

ता. क. खरं काम राहिलंच. वन्सं, तुम्ही पडा. म्हणजे पडलात असं त्यांना कळवा. पाय धरत नाही, जिना चढवत नाही, भाऊ येऊन राहिला नाही तर कठीण आहे, असं लिहा. स्वतःच्या डोळ्यांसाठी हा माणूस रान सोडणार नाही, पण तुमच्या पायासाठी उद्या सोडेल, आणि ताठ मानेनं सोडेल. तुमच्या वरच्या खोलीत आम्ही मावू. समुद्र थोडे दिवस बंद ठेवा, निदान पोस्टमनच्या देखत तरी जाऊ नका.

आणखी एक ता. क. लिहिताना मी पुटपुटते, हे मला आत्ता समजलं. शेगडीपाशी हे झोपलेत अशी माझी समजूत होती. तिथून आवाज आला, ‘एफीला सांग, येतो. पण लंगडायचं तर एकाच पायानं लंगड म्हणावं. शाळा बुडवायची तेव्हा दुपारी पाय बदलायची.’ मी म्हटलं, कोण एफी, मी तर बियाणंवाल्याला लिहिते आहे. म्हणाले, ‘मग त्याला विचार, वरच्या खोलीची खिडकी समुद्राकडे आहे का? बघायला नको आहे. मला आता दिसत नाही. ऐकायला.’

खिडकीचं तेवढं उलट टपाली कळवा.