तोंडावरचे फडके

आई,

तुला पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, याबद्दल आधी क्षमा मागते. तू होतीस तेव्हा मी तुला एकही पत्र लिहिले नाही. वसतिगृहातून दर रविवारी फोनवर दोन मिनिटे बोलायचे आणि अभ्यासाचे कारण सांगून ठेवून द्यायचे, एवढेच आपले बोलणे. तुला जाऊन दहा वर्षे झाल्यावर, इतक्या लांबून, तुझ्यासमोर नीटनेटकी वाक्ये मांडत बसण्याचा मला काय अधिकार आहे, ठाऊक नाही. पण काल दुपारी एका दुकानात मला एक गोष्ट कळली. ती तुझ्याशिवाय कोणाला सांगावी, ते सुचत नाही.

मी अमेरिकेत कॅरी नावाच्या गावात राहते. औषधांच्या कंपनीत नोकरी आहे. माझ्या घरापासून दहा मिनिटांवर एक काका-काकू राहतात. काका नागपूरचे, छातीच्या रोगांचे डॉक्टर, आता निवृत्त. काकूंकडे दोन कपाटे भरून मराठी पुस्तके आहेत आणि ती न्यायला मी महिन्यातून एकदा जाते. मागच्या खेपेला गॅरेजचे दार उघडे होते. आत काका लेथवर लाकडाचा वाडगा कातत होते. ताज्या सागवानाचा वास नव्हता, इकडचे मेपलचे लाकूड होते, पण फिरत्या लाकडावर पटाशी टेकली की जो आवाज येतो तो अगदी तुझ्या कारखान्यातल्यासारखाच होता. पुस्तके छातीशी धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. "मला शिकवाल का?" असे मी विचारले. कोणाकडे काही मागण्याची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे. काका खूश झाले. "तुमच्याकडे कोणी करायचं का हे काम?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणाले.

काल ते दोघे मला हत्यारे घ्यायला दुकानात घेऊन गेले. मी अर्थातच आधी दोन पुस्तके वाचून यादी तयार केली होती. आठ हत्यारे, आकारांसकट. काकांनी ती चष्मा वर करून वाचली.

"अगं, युद्धावर निघालीस का? चार बस झाली. जाडं लाकूड गोल करायला रफिंग गाऊज, नक्षीला स्पिंडल गाऊज, कापायला पार्टिंग टूल आणि खरवडायला एक स्क्रेपर. आधी धार लावायला शीक, मग बाकीचं बघू."

"तुमच्याकडे सत्तावीस आहेत, तेही सांगा तिला," काकू म्हणाल्या.

"ती कलेक्ट झालीत यार, घेतलेली नाहीत."

मग चेहऱ्याच्या संरक्षणाची पाळी आली. मला चष्मा आहे, तेवढे पुरेल, असे मी म्हटले. काकांनी ते उडवूनच लावले. लाकडात चीर असली की तुकडा सुटून थेट तोंडावर येतो, दात आणि नाक चष्म्याच्या कक्षेत येत नाहीत, म्हणून हनुवटीखाली उतरणारे पूर्ण फेस शील्डच हवे. मी ते डोक्यावर चढवून पाहिले. झाले, चेहरा झाकला गेला, असे समाधान वाटले. तोवर काकांनी दोन्ही गालांवर गोल फिल्टर असलेला मास्क खाली काढला.

"हा पण घे. शील्ड तुकडे अडवतं. सँडिंगची, म्हणजे पॉलिशपेपरची धूळ खालून घुसते."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. "पण काका, धूळ अडवायला नाकातले केस आणि श्लेष्मा असतोच ना?"

काका मोठ्याने हसले. "हे कुणी शिकवलं तुला? जाडी धूळ अडते गं. बारीक जी असते ती सरळ फुफ्फुसात जाते आणि तिथेच बसते. चाळीस वर्षं मी दुसरं काय बघितलं?"

आई, मी तो मास्क हातात घेतला. काकू म्हणाल्या, "अगं, पांढरी पडलीस. खाल्लं नाहीस का सकाळपासून?" मी मान हलवली. त्यांनी पर्समधून चिक्की काढून माझ्या हातात दिली आणि काका रांगेत उभे राहून कोणाला तरी धार लावण्याच्या दगडाबद्दल विचारत राहिले. ती चिक्की मी तशीच मुठीत धरली होती.

नाकातल्या केसांचे ते उत्तर मी तुला दिले होते. नववीत पहिली आल्याबद्दल शाळेत माझा सत्कार होता. तू लाटण्यांच्या कारखान्यातून थेट आलीस. साडीवर बाबांचा जुना शर्ट, भुवयांवर लाकडाची पूड, आणि तोंडावरून गळ्यात ओढलेले ते धोतराचे ओले फडके. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "हिची आई दरोडा घालून आली वाटतं." सगळ्या हसल्या. मीही थोडी हसले, हे तुला दिसले असेल की नाही, मला माहीत नाही. घरी येताना मी तुला म्हणाले की ते फडके बांधून पुन्हा शाळेच्या रस्त्याने येऊ नकोस. तू म्हणालीस, "कारखान्यात बांधावंच लागतं बाळा. पॉलिशपेपर मारताना घसा भरतो." मग मी थांबून, रस्त्यातच, तुला श्वसनसंस्थेचे उत्तर म्हणून दाखवले. नाकातले केस धुळीचे कण अडवतात, श्लेष्मा त्यांना चिकटवून ठेवतो आणि शुद्ध हवा पुढे जाते. म्हणून फडके बांधणे हे अज्ञान आहे. 'अज्ञान' हा शब्द माझाच होता, पुस्तकातला नव्हता. तू चौथीपर्यंत शिकलेली. तू इतकेच म्हणालीस, "असं आहे होय? पुस्तकात दिलंय?" मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते फडके धुऊन, वाळवून, तू माझ्या पुस्तकांच्या फळीवर अंथरलेस. मे महिन्यात मी डबा घेऊन कारखान्यात आले तेव्हा तुझा चेहरा उघडा होता. शेजारची मावशी तुला म्हणत होती, "अगं, बांध की काहीतरी." आणि तू माझ्याकडे बोट दाखवून म्हणालीस, "माझी पोरगी शिकलीय. नाकातच सोय असते म्हणे." तुझ्या आवाजात केवढा अभिमान होता. मला तेव्हा तो आवडला होता.

काल दुकानातून आम्ही गॅरेजमध्ये परतलो. शील्ड आणि मास्क चढवून मी लाकडाचा एक साधा दांडा गोल केला आणि त्यावर पॉलिशपेपर धरला. हवेत मला काहीच दिसले नाही. काकांनी लेथ बंद केला, दिवा मालवला आणि टॉर्चचा झोत आडवा धरला. त्या झोतात पूड तरंगत होती, दुधासारखी, आणि खाली बसतच नव्हती. एका दांड्याची एवढी. तू दिवसाकाठी टोपल्या भरून लाटणी घासत होतीस. पाच वर्षांनी तुझा खोकला थांबेना, तेव्हा गावात दमा म्हणाले. मी परीक्षेला बसले होते. पेपर संपवून आले तेव्हा तू नव्हतीस.

आता मला एकच गोष्ट कळायला हवी. तू ते फडके सोडले नसतेस तर काही फरक पडला असता का? शाळेत मी एकही प्रश्न सोडून देत नसे. या प्रश्नाचे उत्तर दहा मिनिटांवर राहते आहे, आणि रात्रभर मी स्वतःला समजावत होते की ते विचारण्याची गरज नाही. तू आधीच कितीतरी वर्षे ती धूळ घेत होतीस, एका फडक्याने ती किती थांबली असती, वगैरे. हे सगळे खरेही असेल. पण ते मी ठरवणे म्हणजे पुन्हा तुला रस्त्यात उभी करून उत्तर म्हणून दाखवणे आहे.

म्हणून आज सकाळी काकांना ईमेल लिहिला. कारखाना, पॉलिशपेपर, ओले फडके, पाच वर्षे, खोकला, सगळे क्रमाने लिहिले आणि शेवटी प्रश्न. मन राखण्यासाठी उत्तर देऊ नका, असेही लिहिले. तुझे हे पत्र कुठे पाठवायचे नाही, म्हणून कबूल करते: त्या ईमेलची सुरुवात मी आधी "माझ्या ओळखीच्या एक बाई लाटण्यांच्या कारखान्यात कामाला होत्या" अशी केली होती. तो मसुदा तासभर तसाच उघडा होता, आणि वाचताना मला त्यात काही चूक दिसत नव्हती. मग ते वाक्य खोडून "माझी आई" असे लिहिले आणि पाठवले. रविवार, २२ मार्च, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटे.